ओटीपी आला का, मावशी?

सप्टेंबर २०२५. मराठवाड्यात पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. सोयाबीन शेतातच काळं पडत होतं, आणि कुंभार पिंपळगावातल्या एका सेवा केंद्रासमोर चिखल तुडवत बायकांची रांग लागली होती. सरकारच्या लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी नुकतीच सुरू झाली होती. दहा बाय बाराचा गाळा, बाहेर पत्र्याची पडवी, दोन लोखंडी बाकडी. आत एक कॉम्प्युटर, झेरॉक्स मशीन, अंगठ्याचं यंत्र आणि यंत्राशेजारी ओल्या फडक्याची घडी. कापूस वेचून, खुरपून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात. अंगठा पुसून, थोडा ओलसर करून दाबला तर एखादे वेळी लागतो. केंद्रावरचा पोरगा हे सगळं यांत्रिकपणे करत होता.

"मावशी, ओटीपी आला का?"

मावशींनी फोन सरळ त्याच्या हातात दिला. "बघ की तूच. मला काय कळतंय त्यातलं."

त्यानं बघितला, टाकला. "आता मामांचा. त्यांच्या मोबाईलवर गेलाय."

या केवायसीला बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार लागत होतं. म्हणजे दोन आधार, दोन ओटीपी. मामा, म्हणजे मावशींचे मालक, चाकणला कंपनीत. मावशींनी फोन लावला आणि अख्ख्या पडवीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अवं, सहा आकडी नंबर आलाय का? सांगा लवकर, जातोय तो!" तिकडून मामांनी सांगितला, इकडे मावशींनी मोठ्यानं म्हणून दाखवला, पोरानं टाइप केला. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर एक पोस्टर होतं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'ओटीपी कुणालाही सांगू नका.'

हा लेख त्या पोस्टरबद्दल आहे. म्हणजे ते इथे का चालत नाही, याबद्दल.

इंटरनेटवर सावध कसं राहावं याचे जेवढे सल्ले आपल्याकडे छापले जातात, त्यांत एक माणूस, त्याचा एक फोन आणि समोर चोर असं चित्र गृहीत धरलेलं असतं. जालना जिल्ह्यातल्या, घनसावंगी तालुक्यातल्या या बाजारपेठेच्या गावात इंटरनेट वापरणारा माणूस बहुतेक वेळा एकटा नसतो. तो ते कुणाकडून तरी 'करून घेतो'. पोराकडून, भाच्याकडून, केंद्रावाल्याकडून. सातबारा, पीक विमा, ई-पीक पाहणी, फार्मर आयडी, अनुदान, शिष्यवृत्ती, सगळं ओटीपी सांगूनच होतं. प्रामाणिक पोरगा दिवसातून पन्नासदा जे वाक्य बोलतो, तेच वाक्य चोर एकदाच बोलतो. दोघांत फरक कसा करायचा, हे त्या पोस्टरवर नाही.

०००

आधी हे इंटरनेट नावाचं यंत्र चालतं कसं ते बघू, कारण भीती निम्मी अज्ञानाची असते आणि गाफीलपणाही.

पोरानं बटण दाबलं की काय होतं? मावशींची माहिती अखंड तारेतून धावत नाही. तिचे तुकडे होतात. आपल्याकडे जुना वाडा उतरवून दुसऱ्या गावी उभा करायचा असला, की सुतार प्रत्येक तुळईवर, खांबावर गेरूनं आकडा घालतो. मग लाकडं वेगवेगळ्या गाड्यांतून, वेगवेगळ्या रस्त्यांनी गेली तरी चालतं. तिकडे आकडे लावून वाडा परत उभा राहतो. एखादी तुळई वाटेत हरवलीच, तर तेवढीच परत मागवायची. इंटरनेटवरचा फोटो, मेसेज, व्हिडिओ सगळे असेच जातात. प्रत्येक तुकड्यावर कुठून, कुठे आणि कितवा, एवढं लिहिलेलं असतं. त्याला पॅकेट म्हणतात.

रस्ता मात्र हवेतला नाही, एवढं लक्षात घ्या. फोन ते टॉवर तेवढी हवा. टॉवरपासून पुढची बहुतेक वाट जमिनीत पुरलेल्या काचेच्या धाग्याच्या केबलची. परदेशातल्या कॉम्प्युटरकडे जायचं असेल तर ती वाट बहुतेक वेळा मुंबईत वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरते आणि तळाशी अंथरलेल्या केबलमधून जाते. 'क्लाउड'वर ठेवलेला नातवाचा फोटोसुद्धा ढगात नसतो. कुठल्या तरी थंडगार गोडाउनात, दुसऱ्याच्या मालकीच्या कॉम्प्युटरवर असतो. या दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणायचं. केंद्रावाला "सर्व्हर डाउन हाय, उद्या या" म्हणतो तो हाच.

ही सगळी केबल-टॉवरची गोष्ट जालना जिल्ह्याला २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नीट कळली. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं होतं, तीर्थपुरीला एसटी जाळली गेली, अंबडमध्ये संचारबंदी लागली आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत दहा तास इंटरनेट बंद ठेवलं गेलं. मोबाईल हातात, बॅटरी भरलेली, आणि चहाचे दहा रुपये देता येईनात. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं देशात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते मुंबईसारख्या मोजक्या महानगरांतल्या हौशी लोकांचं होतं. खेड्यात ते खरं पोचलं २०१६च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर. यूपीआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालं होतं. म्हणजे फुकटातलं इंटरनेट आणि फोनमधली तिजोरी, दोन्ही एकाच वर्षी घरात शिरली. सायकल शिकायच्या आत मोटारसायकल हातात आली.

०००

आता पत्ता. माझ्या मते ऑनलाइन सावधपणाचा सगळ्यात उपयोगी धडा हाच आहे, आणि तो कुंभार पिंपळगावच्या माणसाला शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळावा.

मु. पो. कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना. टपाल वर्गवारी करणारा हा पत्ता आपल्यासारखा डावीकडून वाचत नाही. तो आधी जिल्हा बघतो, मग तालुका; गाव सगळ्यात शेवटी. कारण महाराष्ट्रात पिंपळगावं पैशाला पासरी. पिंपळगाव बसवंत नाशिकमध्ये, पिंपळगाव हरेश्वर जळगावात, आणि पिंपळगाव रेणुकाई तर जालन्यातच, भोकरदनला. नुसतं 'पिंपळगाव' बघून पत्र टाकलं तर ते कुठेही जाईल.

वेबसाइटचा पत्ता अगदी तसाच, लहानाकडून मोठ्याकडे लिहिलेला असतो. लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटून वाचा : 'इन' म्हणजे भारत, 'जीओव्ही' म्हणजे सरकार, 'महाराष्ट्र' म्हणजे राज्य, आणि सगळ्यात आधीचं नाव म्हणजे त्या सरकारी कचेरीतलं टेबल. 'जीओव्ही डॉट इन' हे शेपूट सरकारी खात्यांखेरीज कुणाला मिळत नाही. डावीकडे मात्र कुणीही काहीही लिहू शकतो. 'लाडकी-बहीण-महाराष्ट्र-जीओव्ही' एवढं सगळं एका शब्दात लिहून पुढे 'डॉट एक्सवायझेड' लावलं, की ते सरकार नाही. ते 'डॉट एक्सवायझेड'वाल्या कुणाचं तरी दुकान आहे. केवायसी सुरू झाली त्याच महिन्यात अशी नकली पानं निघाली होती, आणि तिथे आधार नंबर नि बँक खातं भरून द्यायला बायका तयारच होत्या.

पत्ता लांबलचक असेल तर 'एचटीटीपीएस' आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली तिरकी रेघ जिथे येईल, तिथे थांबा आणि तिथून मागे वाचा. रेघेच्या पुढे 'जीओव्ही', 'एसबीआय', 'पीएमकिसान' काहीही लिहिलेलं असलं तरी ते पाकिटाच्या आतल्या मजकुरासारखं आहे, पत्त्याचा भाग नाही. रिझर्व्ह बँकेनं बँकांनाही असंच खास शेपूट घ्यायला लावलं : 'बँक डॉट इन'. ३१ ऑक्टोबर २०२५ ही त्याची मुदत होती. हा नियम फारसा कुणाच्या कानावर गेला नाही, पण बँकेच्या नावानं लिंक आली तर आधी शेपूट बघायची सोय त्यानं झाली.

आपल्या भाषेची यात एक खास अडचण आहे. मराठी नावांना इंग्रजी लिपीत पक्कं स्पेलिंग नाही. 'लाडकी'त डी नंतर ए घालायचा की नाही? 'गाव'चा शेवट व्हीनं की ओएननं? 'ळ' तर इंग्रजीत नाहीच. आपल्याला दोन्ही स्पेलिंगं बरोबर वाटतात, आणि चोराला तेवढंच हवं असतं. याच तालुक्यात जांबला समर्थ रामदासांचा जन्म झाला. दासबोधात त्यांनी एक अख्खा समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसं नेटकं, नेमकं काढावं याबद्दल. अक्षराअक्षराकडे एवढं बघणारा माणूस आज असता तर लिंकवर सहजी बोट ठेवता ना.

पत्त्याशेजारी काही वेळा कुलपाचं चित्र दिसतं, त्यावर लोक फार विसंबतात. कुलपाचा अर्थ एवढाच, की वाटेत तुमचं पाकीट कुणी फोडून वाचू शकणार नाही. ज्याच्याकडे पाकीट चाललंय तो साधू आहे की भामटा, हे कुलूप सांगत नाही. चोरानं स्वतःच्या दुकानाला लावलेलं कुलूपही अस्सलच असतं.

०००

पासवर्ड आणि ओटीपी ही दोन नावं आपण एका दमात घेतो. पासवर्ड म्हणजे घराची किल्ली, रोजची. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी, काही मिनिटांत विरघळणारी किल्ली. किल्ली दुसऱ्याला देण्यात आपल्याला काही वाटत नाही, कारण शेजारी किल्ली ठेवून गावाला जायची रीत आहे. केंद्रावर ज्यांचे पासवर्ड त्या पोराच्या वहीत लिहिलेले आहेत, अशी माणसं मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. वही मात्र नेटकी होती. नाव, आधार, मोबाईल, पासवर्ड, चार रकाने. पासवर्डचा रकाना बघण्यासारखा : ज्याचं त्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. पोरानंच ठरवून दिलेले. "लक्षात ऱ्हात न्हाई ना लोकांच्या," तो म्हणाला. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. ती वही एसटीत राहिली तर काय, ही शंका आहे.

आणि हे अडाण्यांचंच दुखणं आहे असं कुणी समजू नये. याच घनसावंगी आणि शेजारच्या अंबड तालुक्यात २०२२ ते २०२४ या काळातल्या अतिवृष्टी, पूर, गारपिटीच्या अनुदानात मोठा घोटाळा झाल्याचं उघडकीला आलं. शेतकऱ्याला अनुदानासाठी एक विशिष्ट क्रमांक मिळतो, गावात त्याला 'व्हीके नंबर' म्हणतात. तो घेऊन केंद्रावर केवायसी केली की पैसे खात्यात. चौकशीत बोगस लाभार्थी निघाले. तलाठी निलंबित झाले, आणि ऑगस्ट २०२५मध्ये अंबड पोलीस ठाण्यात अठ्ठावीस जणांवर गुन्हा दाखल झाला. रक्कम सुमारे २५ कोटी. खरंखोटं कोर्ट ठरवील. पण आरोपातला एक तपशील या लेखासाठी महत्त्वाचा आहे : याद्या भरायला वरिष्ठ अधिकाऱ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड वापरले गेले. म्हणजे साहेबही 'करून घेत' होते, असं म्हणायला जागा आहे. मावशी पोराच्या हातात फोन देतात आणि साहेबांची किल्ली खालच्या टेबलावर फिरते, यात रीत एकच आहे.

०००

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, नाही तर हा लेख उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा होईल.

लगीनसराई होती. आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका चुलत भावाच्या नंबरवरून फाइल आली : 'लग्नाला यायचं हं'. पत्रिका म्हणून मी दाबली. फोननं विचारलं, हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आलंय, टाकायचं का? पत्रिकेला अ‍ॅप कशाला, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. मग त्यानं मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पडदा एकदा लुकलुकला. पत्रिका काही उघडली नाही. मी जेवायला बसलो.

ती एपीके फाइल होती. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवायची पुडी. प्ले स्टोअरबाहेरून आलेली पुडी म्हणजे रस्त्यावर सापडलेलं औषध. तिनं माझ्या फोनमधले मेसेज परस्पर पुढे पाठवायला सुरुवात केली. ओटीपी मी कुणालाच सांगितला नाही. तो आपला आपणच चालत गेला. रात्री दोन हप्त्यांत अडतीस हजार गेले. माझ्या नंबरवरून तीच पत्रिका माझ्या सासुरवाडीच्या ग्रुपवर गेली, ते वेगळंच. चुलत भावाच्या घरी लग्न नव्हतंच. त्याचाही फोन असाच गेलेला.

सकाळी बँकेत गेलो, तर तिथल्या माणसानं लेखी अर्ज द्या, साहेब सोमवारी येतील असं सांगितलं. तेवढ्यात भाच्यानं १९३० लावला. ही राष्ट्रीय मदतवाहिनी. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवरही करता येते. चोरीचा पैसा एका खात्यात बसून राहत नाही. तो तासा-दोन तासांत चार-पाच खात्यांतून उड्या मारतो आणि कुठल्या तरी एटीएममधून रोख निघतो. १९३०वर तक्रार गेली की ज्या खात्यात तो त्या क्षणी असेल तिथे तो अडवता येतो. माझे अकरा हजार अडले. रात्री जेवण बाजूला ठेवून फोन बघितला असता तर कदाचित सगळे अडले असते. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७चा नियमही तेव्हाच वाचला : चूक ना तुमची ना बँकेची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा शून्य. चूक तुमची असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून अर्जावर तारीख नि वेळ घातलेली पोच घ्यायची. सोमवारची वाट बघायची नाही.

ज्या खात्यांतून पैसा उड्या मारतो, ती खाती कुणाची? याबद्दल फार कमी बोललं जातं. ती खाती आपल्याच पोरांची असतात. "तुझं खातं नि एटीएम कार्ड दे, महिन्याला पाच हजार घे," असं म्हणणारा कुणी तरी भेटतो, आणि रिकामं फिरणारं पोरगं देऊन टाकतं. गुन्हा दुसऱ्या राज्यात होतो, नोटीस याच्या घरी येते. सिम कार्डाचंही तेच. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं, एकदा बघाच. माझ्या नावावर एक निघाला होता, जो मी कधी घेतलाच नव्हता.

अंगठ्याचं सांगायला हवं. आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठा लावून पैसे निघतात. गावात बँक नसली तरी दुकानात निघतात, ही चांगलीच सोय. पण "अंगठा लागला न्हाई, परत लावा" हे वाक्य ऐकलं की पावती मागा. एक अंगठा केवायसीचा आणि दुसरा पैसे काढायचा असू शकतो. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. त्याला कुलूप मात्र घालता येतं : आधारच्या अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉकची सोय आहे, काम असेल तेव्हा उघडायचं, झालं की बंद. केंद्रावरच्या पोराला ती माहीत होती. कुणी मागितली नव्हती, म्हणून त्यानं सांगितली नव्हती.

'डिजिटल अरेस्ट', म्हणजे पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालणं, याबद्दल एकच. व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. वर्दीवाला पडद्यावर दिसला तर फोन ठेवा. आणखी एक : पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही.

०००

परत त्या पोस्टरकडे येतो. त्याच्या जागी काय लिहावं, असं मी पोराला विचारलं. तो विचारात पडला. मग आम्ही दोघांनी दहा-बारा मेसेज शेजारी शेजारी ठेवून बघितले. आधारच्या ओटीपीत पैशाचा आकडा नसतो. बँकेतून पैसे जायच्या ओटीपीत बहुधा असतो : आधी आर-एस किंवा आय-एन-आर ही अक्षरं किंवा रुपयाचं चिन्ह, मग रक्कम. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर येतं, सरकारी मेसेज असेल तर 'जी'. दहा आकडी साध्या नंबरवरून सरकार ओटीपी पाठवत नाही. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही एवढी चार-पाच खुणांची अक्षरं ओळखता येतील, जशी एसटीची पाटी ओळखता येते. पोरानं ती एका पुठ्ठ्यावर मोठी काढली आणि पोस्टरखाली चिकटवली. वहीचं काय, हे मी विचारलं. "जाळतो," म्हणाला. जाळली की नाही, मला माहीत नाही.

दोन दिवसांनी गेलो तेव्हा पाऊस थोडा थांबला होता. एक आजीबाई बाकड्यावर बसल्या होत्या, नात शेजारी. फोन टिणटिणला. पोरानं सवयीनं हात पुढे केला. आजींनी फोन दिला नाही. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला आणि पुठ्ठ्याकडे बघत एकेक अक्षर जुळवायला लागल्या. रांग खोळंबली. मागची एक जण पुटपुटली, "आवरा की, मागं लई माणसं हायेत."

"थांब की जरा," आजी तिच्याकडे न बघता म्हणाल्या. मग नातीला : "हे बघ गं, ह्यात रुपयाचं कुठं हाय का?"

"न्हाई, आज्जी."

"शेवटाला ते जी हाय?"

"हाय."

"मंग लिव्ह रे पोरा," त्या पोराला म्हणाल्या, फोन छातीशी धरून. "चार. शून्य. सात…"